ब्लोअर फिरतोय, पण हवा कुठे जातेय? बायपास व्हॉल्व्हचा एक छोटा इतिहास

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की लिटरेचर रिव्ह्यूमध्ये इतिहास लिहायची गरज काय असते. पहिली दोन पानं 'अमुक साली तमुकने शोध लावला' अशी भरायची आणि पुढे निघायचं, असंच आपण सगळे करतो. मीही केलं होतं. त्यातलं एक वाक्य इतकं चुकीचं होतं की त्यामुळे माझा अख्खा धडा परत लिहावा लागला. आज त्याबद्दल सांगतो.

माझा विषय सुपरचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनात अर्ध्या लोडवर होणारं नुकसान हा आहे. प्रगती अहवालात मी बायपास व्हॉल्व्हची ओळख करून देताना 'जादा दाब बाहेर सोडून इंजिनाचं संरक्षण करणारी झडप' असं लिहिलं. गाईडनी काही न बोलता त्याखाली लाल रेघ ओढली. मला वाटलं भाषा आवडली नसेल.

चूक कळली ती उद्यमनगरात. शिवाजी उद्यमनगर कोल्हापूरच्या बाहेरच्यांना माहीत नसेल तर थोडक्यात: फाउंड्री, लेथ, इंजिन दुरुस्ती, सगळं एकमेकाला चिकटून असलेला आमचा भाग. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये सुपरचार्जरवाली परदेशी बनावटीची जुनी गाडी आली होती. तक्रार एकच, पिकअप गेला. बेल्ट नीट, ब्लोअर फिरतोय, आवाजही ठीक. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की रोटर झिजलेत, ब्लोअर खोला. मिस्त्रींनी ब्लोअरला हात लावला नाही. बाजूच्या छोट्या झडपेचा दांडा बोटाने हलवून बघितला. तेलकट काजळीने तो उघड्या स्थितीतच अडकला होता.

"सर, ब्लोअरला काय झालं न्हाई. हवा नुसती गोल फिरायला लागलीया."

ती झडप साफ केल्यावर गाडी पळाली. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, ही झडप हवा बाहेर सोडत नाही, ब्लोअरच्या मागून घेऊन परत पुढे आणून देते. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, रोजच्या चालवण्यात तिची नेहमीची स्थिती उघडी असते. जोर हवा असेल तेव्हाच ती बंद होते. मी नेमकं उलटं समजून बसलो होतो.

आता ती काम कशी करते ते नीट बघू, कारण पुढचा इतिहास यावरच उभा आहे.

रूट्स जातीचा ब्लोअर म्हणजे एका पेटीत एकमेकांत फिरणारे दोन रोटर. प्रत्येक फेऱ्याला ते ठरावीक घनफळाची हवा इकडून तिकडे ढकलतात. क्रँकशी बेल्टने जोडलेले असल्यामुळे तुम्हाला गरज असो वा नसो, इंजिन चालू आहे तोवर ते ढकलत राहतात. आता तुम्ही ताराराणी चौकातून निवांत चालला आहात. थ्रॉटल जेमतेम उघडा. समजा इंजिन सेकंदाला 33 लिटर घेतंय आणि ब्लोअर 50 लिटर ढकलतोय. मॅनिफोल्डमध्ये दाब 45 किलोपास्कल असेल, तर थ्रॉटल आणि ब्लोअरच्या मधल्या जागेत तो साधारण 30 पर्यंत खाली जातो. म्हणजे ब्लोअर 15 किलोपास्कलच्या फरकाविरुद्ध पंपिंग करतोय. दाबातला फरक गुणिले घनफळ: 15,000 पास्कल गुणिले 0.05 घनमीटर, म्हणजे 750 वॅट. एक हॉर्सपॉवर फुकट गेली, घर्षण आणि गळती वेगळी. थ्रॉटल ब्लोअरच्या नंतर बसवलेला असेल तर हे नुकसान आणखी वाढतं, कारण तेव्हा ब्लोअर बंद दारावर धडका मारतो.

उपाय साधा आहे. ब्लोअरच्या पुढची आणि मागची बाजू एका वाटेने जोडायची आणि त्या वाटेवर झडप ठेवायची. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असेल तेव्हा तो एका डायफ्रामला ओढतो आणि झडप उघडते. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा झाला की ब्लोअर फिरतो, पण काम करत नाही. अॅक्सिलेटर दाबला की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग झडप बंद करते आणि बूस्ट मिळतो. काही इंजिनांत डायफ्रामऐवजी छोटी मोटर असते, मग झडप अधल्यामधल्या स्थितीत ठेवून बूस्टही आवरता येतो. टर्बोच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हशी हिची गल्लत करू नका. टर्बोला एक्झॉस्ट फिरवतो. थ्रॉटल एकदम मिटला की अडकलेल्या दाबाने कॉम्प्रेसरला धक्का बसतो, म्हणून तिथे दाब सोडावा लागतो. मी ती टर्बोची व्याख्या उचलून इथे चिकटवली होती.

एवढं कळल्यावर मी इतिहासाकडे परत गेलो, आणि आता प्रश्न बदलला होता. 'झडप कोणी शोधली' हे न विचारता, 'ब्लोअर नको असतो तेव्हा त्याचं काय करायचं, याला कोणत्या काळी काय उत्तर होतं' असं विचारलं.

हा ब्लोअर मुळात मोटारीसाठी नव्हताच. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन भावांनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तो भट्ट्यांना, फाउंड्रीला हवा द्यायला वापरला गेला. उद्यमनगरात बसून हे वाचताना मजा वाटते. भट्टी पेटली की हवा लागते, विझली की ब्लोअर बंद. 'अर्धा लोड' हा प्रश्न तिथे येत नाही. तो मोटारीबरोबर आला.

मर्सिडीजने 1921 च्या बर्लिन प्रदर्शनात कॉम्प्रेसरवाल्या मोटारी मांडल्या. त्यांचं उत्तर होतं क्लच. एरवी ब्लोअर थांबलेला, पायातलं पेडल तळापर्यंत दाबलं की क्लच लागून तो फिरायचा, तोही थोड्या वेळापुरता. हे उत्तर मोटारींच्या नावातच छापलेलं आहे. 6/25/40 यातला पहिला आकडा कराच्या हिशेबाची हॉर्सपॉवर, दुसरा कॉम्प्रेसरशिवाय, तिसरा कॉम्प्रेसरसह. 1936 च्या 540 के मध्ये हेच आकडे 115 आणि 180. ब्रिटनमधल्या ब्लोअर बेंटलीने मात्र क्लच वगैरे काही ठेवलं नाही. क्रँकच्या पुढच्या टोकावरच ब्लोअर बसवला, कायम फिरणारा. रेसमध्ये चाललं. पेट्रोल किती पीत असेल याची कल्पना करा.

आता आपल्या जवळचं उदाहरण. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंगने अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे चासीवर बॉडी बांधली होती. केशरी आणि काळ्या रंगाची ही मोटार 1930 च्या दशकाच्या मध्यावरची. (महाराणी संयोगिताबाई कागलच्या घाटगे घराण्यातल्या. कोल्हापूरकराला एवढा संबंध सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आठ सिलिंडरचं सुमारे 6.9 लिटरचं इंजिन. कंपनीचा दावा सुपरचार्जरशिवाय 265 आणि सुपरचार्जरसह 320 हॉर्सपॉवरचा.

या इंजिनाच्या वर्णनांत मी कित्येक दिवस बायपास व्हॉल्व्ह शोधत होतो. तो सापडला नाही. आधी वाटलं आपलं वाचन कमी पडतंय. मग लक्षात आलं की तो तिथे नसण्यालाच कारण आहे. ड्यूसेनबर्गचा सुपरचार्जर रूट्स जातीचा नव्हता, सेंट्रिफ्युगल होता. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन निम्म्या आरपीएमवर असेल तर बूस्ट साधारण पाव. हळू चालवताना तो आपोआपच गप्प बसतो. शिवाय कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी असल्यामुळे त्यातून नुसती हवा जात नव्हती, पेट्रोल मिसळलेली हवा जात होती. असलं मिश्रण बाहेर सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि गोल गोल फिरवत ठेवणंही सोयीचं नाही. तिसरं कारण माझं मत म्हणून घ्या: ज्याच्यासाठी ही मोटार बनली त्याला अॅव्हरेजची चिंता नव्हती.

म्हणून झडप कधी आली हे वेगाच्या इतिहासात शोधून उपयोग नाही, पेट्रोलच्या हिशेबात शोधायला हवं. 1973 चा तेलाचा धक्का बसला. 1975 मध्ये अमेरिकेने मोटारींच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. दरम्यान फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे ब्लोअरमधून फक्त हवा जाऊ लागली आणि ती परत फिरवणं सोपं झालं. 1989 ची फोर्ड थंडरबर्ड सुपर कूप इटन कंपनीचा रूट्स ब्लोअर घेऊन आली ती बायपाससकट. मर्सिडीजने 1996 च्या एसएलके 230 मध्ये परत क्लचच वापरला, यावेळी विद्युतचुंबकी. 2000 च्या सुमारास तो काढला आणि ब्लोअर कायम फिरता ठेवून हवा परत फिरवणाऱ्या झडपेवर काम सोपवलं. जुन्या सवयीचं घराणंसुद्धा शेवटी तिथेच आलं.

माझ्या धड्यात आता 'शोध कोणी लावला' हा परिच्छेद नाही. त्याजागी एक तक्ता आहे: ब्लोअरची जात, थ्रॉटल आधी की नंतर, ब्लोअरमधून हवा जाते की मिश्रण, आणि नको असताना ब्लोअरचं काय. पहिल्या मसुद्यात ड्यूसेनबर्गसमोर मी शेवटच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं होतं. आता तिथे 'झडप नाही' असं लिहिलंय आणि कारणं दिली आहेत. गाईडनी यावेळी पेन्सिलने एकच शेरा मारला: बेंटलीच्या ओळीत घनफळाचे आकडे टाका. ते काम अजून चालू आहे.