रॅन्समवेअर हल्ला : उत्पादन कंपनीवरील परिणामांचे मूल्यमापन

संगणकांतील फायली कूटबद्ध करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणारी घातक आज्ञावली म्हणजे रॅन्समवेअर. उत्पादन कंपनीवरील तिचा परिणाम मोजताना थांबलेले उत्पादन, यंत्रणा पूर्ववत करण्याचा खर्च, चोरीस गेलेली माहिती आणि पुरवठा साखळीतील विलंब या बाबी स्वतंत्रपणे तपासतात. यंत्रे धड असली, तरी ऑर्डर, साठा व पाठवणीच्या नोंदी दिसेनाशा झाल्या की कारखाना अडतो. म्हणून सुरक्षित बॅकअप किती जुना आहे, हे आधी पाहतात.

१९ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर ‘लॉकरगोगा’ या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संगणक नेटवर्कला जोडू नयेत, अशा छापील सूचना कार्यालयाच्या दारांवर लावल्या गेल्या. काही कारखाने कागदी नोंदींवर चालले. कंपनीने खंडणी नाकारली. पहिल्या आठवड्याचा प्राथमिक अंदाजित तोटा ३० ते ३५ कोटी क्रोनर होता.

हानी कारखान्याच्या कुंपणाबाहेरही पोहोचते. जून २०१७ मध्ये खंडणीखोर भासणाऱ्या, प्रत्यक्षात माहिती नष्ट करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाला ग्रासले, तेव्हा न्हावा-शेवा येथील त्याच्या टर्मिनलवरील कंटेनरची चढउतार विस्कळीत झाली.