दिनविशेष : २८ जून – मदन घराण्याची चित्रगृहे

मुंबईच्या पारशी रंगभूमीवर घडलेले आणि पुढे कलकत्त्यात स्थिरावलेले उद्योजक जमशेटजी फ्रामजी मदन यांचे २८ जून १९२३ रोजी निधन झाले. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून ‘बायस्कोप’, म्हणजे पडद्यावरील हलत्या चित्रांचे खेळ, दाखवू लागलेल्या मदन यांनी १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमस्वरूपी चित्रगृह उभारले आणि १९१९ मध्ये ‘मदन थिएटर्स लिमिटेड’ स्थापून चित्रपटांची निर्मिती, वितरण (चित्रगृहांना चित्रपट पुरविणे) व प्रदर्शन ही तिन्ही अंगे एकाच घराच्या हाती आणली. पुत्र जे. जे. मदन यांच्या काळात या साखळीतील चित्रगृहांची संख्या शंभराच्या पुढे गेली. चित्रपट व्यवसायाच्या चौकशीसाठी १९२७ मध्ये नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढे या घराण्याच्या मक्तेदारीचीही चर्चा झाली, आणि ती अनाठायी नव्हती. पहिल्या भारतीय बोलपटाचा मान १९३१ मध्ये मुंबईच्या ‘आलम आरा’ने पटकावला, त्यामागोमाग मदन थिएटर्सचा ‘शिरीन फरहाद’ आला. परंतु बोलपटासाठी लागणाऱ्या ध्वनियंत्रणेचा खर्च, त्यात जागतिक मंदी, हा दुहेरी भार न पेलल्याने पुढील काही वर्षांतच बहुतेक चित्रगृहे घराण्याच्या हातून गेली.