फूटभर जमिनीचा मालक

१९७३ साली न्यूयॉर्कमधल्या एका माणसाने जमीन घ्यायला सुरुवात केली. पालिकेच्या लिलावात जायचा, बोली लावायचा. असे त्याने तब्बल १५ प्लॉट घेतले! एकेका प्लॉटची किंमत २५ ते ७५ डॉलर. क्वीन्समध्ये १४ आणि स्टेटन आयलंडवर एक. स्वस्तात मस्त वाटतंय ना? थांबा. एक प्लॉट म्हणजे कुणाच्या तरी ड्राइव्हवेला लागून फूटभर रुंदीची पट्टी, दुसरा म्हणजे फुटपाथचा जेमतेम एक चौरस फूट. काही जागांपर्यंत तर पोचताही येत नव्हतं.

या इसमाचं नाव गॉर्डन मॅटा-क्लार्क. वडील रोबेर्तो मॅटा हे नावाजलेले चित्रकार, पण तेही मूळचे आर्किटेक्ट आणि ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात काम केलेले. गॉर्डननेही कॉर्नेल विद्यापीठातून १९६८ साली आर्किटेक्चर पूर्ण केलं. पण इमारती बांधायच्या सोडून हा पठ्ठ्या त्या कापायला लागला! ब्रॉंक्समधल्या ओसाड इमारतींत शिरून जमिनीचे तुकडे करवतीने कापून आणायचा. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावात पाडायला काढलेलं एक अख्खं घर त्याने मधोमध चिरलं.

मला मात्र त्याचे हे प्लॉट जास्त आवडतात, कारण त्यात मला आमच्या धंद्यातला ओळखीचा प्रकार दिसतो. डेटाबेसमध्ये अनाथ नोंदी राहतात ना, तसंच हे. सर्व्हे करताना मापं नीट जुळली नाहीत, रस्ता रुंद झाला, झोनिंगच्या रेषा सरकल्या, की मध्ये एखादी चिरोटी उरते. तिला ब्लॉक नंबर मिळतो, लॉट नंबर मिळतो आणि टॅक्सही लागतो. तो कुणी भरत नाही, मग पालिका ती ताब्यात घेऊन लिलावात काढते. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात तिथे उभं राहायलाही जागा नाही.

गॉर्डनने प्रत्येक तुकड्याचे फोटो काढले, खरेदीखतं आणि नकाशे जपून ठेवले. आता तुम्ही म्हणाल, यात कला कुठली? आपल्याकडे फूटभर बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, त्यांना विचारा! मालकी म्हणजे नक्की काय, जमीन की कागद, हाच तर त्याचा प्रश्न होता. आणि तो कधी विचारला, तर त्याच शहरात घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून जात होते तेव्हा. एकीकडे राहती घरं ओस पडत होती, दुसरीकडे वीतभर पट्टीचासुद्धा हिशोब चालू होता. हा विरोधाभास त्याने भाषण न ठोकता, नुसती बोली लावून दाखवला.

१९७८ मध्ये कॅन्सरने तो गेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. टॅक्स थकला आणि प्लॉट परत पालिकेकडे गेले. म्हणजे पुन्हा तेच चक्र! त्याने जमवलेले फोटो, नकाशे आणि खतं १९९२ मध्ये जुळवून मांडली गेली आणि ‘फेक इस्टेट्स’ या नावाने म्युझियममध्ये पोचली. जी जमीन कुणाला नको होती, तिचे कागद आता काचेमागे जपले जातात.

असो. पुढच्या वेळी दोन इमारतींच्या मधली ती कचरा साठलेली बोळकंडी दिसली, तर क्षणभर थांबून बघा. तिलाही कुठेतरी एक नंबर असेल.