स्लोचा स्क्रू

मंडळी, सोमवार ते शुक्रवार आपण 'फीडबॅक लूप' हा शब्द इतक्या वेळा वापरतो, की तो कुणीतरी कॉम्प्युटरसाठीच शोधला असावा असं वाटतं. तसं नाही. आपल्या सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला तो ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच भेटला होता, विहिरीवरच्या इंजिनात.

धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोडला कारखाना काढला. आधी लोखंडी नांगर, मग १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये एप्रिल ते जुलै असे चार महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत). तिकडे किर्लोस्करवाडीत, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९१० पासूनच चालू होता.

शेतावरच्या डिझेल इंजिनाला वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो. दोन वजनं गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. वेग पडला की आत येतात, डिझेल वाढतं. पंपावर लोड कितीही बदलू दे, माणूस बांधावर निवांत बसू शकतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती वापरली. असं यंत्र कधी कधी वर-खाली झोके का खातं, याचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. आपले मेकॅनिक आजही त्याला 'हंटिंग' म्हणतात.

कूपरांचा हा कारखाना पुढे वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आली आणि १९७० च्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. सांगलीत १९४७ ला सुरू झालेल्या इंजिनीअरिंग कॉलेजलाही १९५५ पासून वालचंदांचंच नाव आहे.

आता गंमत बघा. शेतावरच्या इंजिनाला गव्हर्नर, पण फियाटला नाही! गाडीत गव्हर्नरचं काम ड्रायव्हरचा पाय करतो. आणि पाय काढला की? तेव्हा सगळा भार कार्बोरेटरवरच्या दोन स्क्रूंवर. एक स्क्रू थ्रॉटलची झडप पूर्ण मिटू देत नाही, केसभर उघडी ठेवतो. दुसरा स्लोच्या वेळचं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवतो.

सेटिंगची रीत अशी: आधी इंजिन चांगलं तापू द्यायचं, चोक पूर्ण आत. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं कुठे चालतं ते शोधायचं. मग झडपेचा स्क्रू सोडून वेग खाली आणायचा, मिनिटाला साधारण आठशे फेऱ्यांपर्यंत. आकडा दाखवायला मीटर नसायचा, मेकॅनिकचा कान हाच मीटर. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने बनवलेल्या प्रिया स्कूटरलाही याच कानाने स्लो लावला जायचा.

पण हा स्क्रू एकदा लावला की तिथेच राहतो, आणि हवा बदलत राहते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. वर हवा सात-आठ टक्के विरळ. सांगलीत छान लावलेली गाडी वर गेली की मिश्रण पेट्रोलकडे झुकतं, स्लो पडतो, गाडी सिग्नलविना बंद पडते.

पुढे याच स्क्रूवर सरकारचं लक्ष गेलं. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत पेट्रोल कारच्या धुरात स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी मर्यादा आली. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात ती त्यासाठीच. २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि कारमधून कार्बोरेटर गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, तसा तो बहुतेक नव्या दुचाक्यांमधूनही गेला.

त्याच्या जागी आला ईसीयू. तो सेन्सरवरून वेग वाचतो, कमी-जास्त झाला की हवा बदलतो, पुन्हा वाचतो. म्हणजे कूपरच्या इंजिनावरचा गव्हर्नरच परत आला, फक्त वजनांच्या जागी कोड! एसी लावा, घाट चढा, स्लो हलत नाही. धूरही कमी. याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आपल्याच जातकुळीचं काम आहे.

एक फरक मात्र आहे. गव्हर्नरची वजनं झाकण उघडून दिसायची. ज्याला ती दिसली, तो ती दुरुस्त करायला शिकला, त्यातून तालुक्याच्या गावी गॅरेजं उभी राहिली. आपला कोड मात्र कुलूपबंद असतो. स्कॅनर आहे त्याच्याकडेच जायचं, तो सांगेल तो पार्ट बदलायचा. जुन्या गाडीचा धूर मला परत नकोय. पण तालुक्यातल्या पोराला उघडून बघता येईल असं काहीतरी नव्या गाडीत असावं, आणि ते ठेवणं आता कूपर-किर्लोस्करांच्या नाही, आपल्या हातात आहे. बघा पटतंय का.