आईचा आवाज, लेकाचा ठेका



आज वाजवण्याबद्दल बोलू या. आपल्याकडे वरातीत धुमाळ पार्टी येते. ढोल-ताशा असतो, बेंजो असतो, पॅड आणि कीबोर्ड असतात आणि गाडीवर मोठाले भोंगे. कातड्याचं वाद्य आणि विजेचं वाद्य एकाच ठेक्यावर चालतात, त्याचं आपल्याला आता नवल वाटत नाही. पण जगात हे जोडकाम ज्यांनी केलं त्यांचा एक इतिहास आहे, आणि त्यात बेळगावच्या एका बाईचं नाव आहे. त्या म्हणजे शोभा गुर्टू.

त्यांचा जन्म १९२५ सालचा. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यांगना होत्या आणि गायिकाही. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्या गाणं शिकलेल्या. त्या काळात नाच-गाण्यावर घर चालवणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनं बघत, ते तुम्हाला सांगायला नको. पण मेनकाबाईंनी विद्या सोडली नाही आणि ती लेकीच्या हाती दिली. लेक पुढं उस्ताद घम्मन खाँ यांच्याकडे ठुमरी-दादरा शिकली आणि ठुमरीची राणी म्हणून देशभर ओळखली गेली. २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २००४ साली त्या गेल्या.

त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबईचा, १९५१. घरातच गाणं असल्यामुळं तबला लहानपणीच हाती आला. पण हा गडी तबल्यावर थांबला नाही. परदेशी ड्रम त्यानं जमिनीवर मांडले, तबला त्यांच्या शेजारी ठेवला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही मिळून वाजवू लागला. पाण्यानं भरलेली बादली जवळ ठेवायची, वाजती झांज तिच्यात बुडवायची, म्हणजे तिचा आवाज वाकतो, लांबतो, खाली उतरतो. बादली आपल्या घरचीच, पण तिच्यातून वाद्य काढायला कान लागतो.

१९८८ साली त्रिलोक यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, ‘उसफ्रेट’. त्यात अमेरिकेचे डॉन चेरी ट्रम्पेटवर आहेत, एल. शंकर व्हायोलिनवर आहेत, विजेवर चालणारी बास गिटार आहे, कीबोर्ड आहे. आणि गायला शोभाताई आहेत. साठी ओलांडलेली ठुमरी गायिका लेकाच्या या नव्या, अनोळखी संगीतात गायला उभी राहिली. त्यातल्या एका रचनेचं नावच ‘शोभारॉक’ आहे.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. पोराला ताल आईच्या घरात मिळाला, हे जगात अनेकांच्या बाबतीत खरं असेल. पण तो छापून कोण सांगतो? इथं आईचा आवाज घेतला आणि आईचं नावही लिहिलं.

पुढं काय झालं तेही ऐका. इंग्लंडमध्ये वाढलेल्या आपल्या देशाच्या पोरांनी हा अल्बम कान देऊन ऐकला. त्यांच्यातले तलविन सिंग तबला आणि कॉम्प्युटर एकत्र करू लागले. त्यांच्या ‘ओके’ या १९९८ च्या अल्बमला दुसऱ्या वर्षी तिकडचं मानाचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. मग २००० साली ‘ताल मॅट्रिक्स’ हा अल्बम निघाला. त्यात झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तलविन सिंग आणि कर्श काळे असे चार ताल वाजवणारे एकत्र आले. सोबत उस्ताद सुलतान खाँ यांची सारंगी आणि अमेरिकेचे बिल लासवेल. कर्श म्हणजे आपला उत्कर्ष काळे, इंग्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला. २००१ साली त्याचा ‘रिअलाइज’ हा अल्बम आला. तबल्याला वीज जोडून वाजवणारा म्हणून त्याची ओळख झाली.

हे काम चालतं कसं? एकदा वाजवलेला ठेका मशीनमध्ये भरतात. त्याचा हवा तेवढा तुकडा कापतात, तो फिरता ठेवतात, कमीजास्त वेगानं चालवतात, वर दुसरा तुकडा चढवतात. आपण रोवणा करताना एकजण गाणं उचलते, बाकीच्या तेच धरतात आणि हात त्याच चालीवर चिखलात जातो. तोही फिरता ठेकाच. फरक एवढाच की मशीन थकत नाही आणि मशीनला कोणाचं नाव आठवत नाही.

आणि इथंच आपला प्रश्न येतो. रेल्याच्या नाचात आपल्या बाया हातात हात घालून पाय टाकतात. ढोल बहुतेक गड्यांच्या गळ्यात असतो, पण पायाचा ताल बायांचा, गाण्याचे बोल बायांचे. कांडताना, रोवताना, लग्नाच्या हळदीला गाणारी बाई असतेच. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. कोणी येतो, रेकॉर्ड करतो, निघून जातो. उद्या तो तुकडा कुठल्या गाण्यात फिरत राहील, सांगता येत नाही. त्यावर लिहिलेलं असेल ‘आदिवासी लोकगीत’, आणि गाणारी कोणीच नाही.

बायांनो, यावर कायदा आहे. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ साली सुधारणा झाली आणि कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. तो हक्क ५० वर्षं चालतो. कलाकार कोण, याच्या यादीत गायक, वादक, नर्तक आहेत, आणि गारुडीसुद्धा आहे. म्हणजे रंगमंच पाहिजे, पदवी पाहिजे, असं काही नाही. गाणं आजीपणजीचं असलं तरी ते गाणारी तुम्ही कलाकारच. खाजगी वापरासाठी आणि शिकवण्यासाठी सूट आहे, पण विकण्यासाठी तुमची संमती लागते. २०१२ च्या सुधारणेनं आणखी एक गोष्ट दिली: सादर करणारी म्हणून आपलं नाव सांगितलं जावं, हा हक्क.

म्हणून तीन गोष्टी करा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्यांदा आपलं नाव, गाव आणि तारीख तोंडानं बोला, मग गाणं उचला. आवाजातच नाव असलं की चिठ्ठी हरवली तरी चालते. दुसरं, कोण आला, कशासाठी नेलं, हे गटाच्या वहीत लिहून त्याची सही घ्या. आणि तिसरं, तो पैशासाठी वापरणार असेल तर मोबदला आधी ठरवा, गाणाऱ्या सगळ्या बायांसमोर ठरवा. कर्जाचा हप्ता आपण जसा सगळ्यांसमोर लिहितो, तसाच.

आपल्या गटात ज्या म्हाताऱ्या माय गातात, त्यांच्यापासून सुरुवात करा. येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की वहीचं एक कोरं पान काढा. वर लिहा, ‘गाणाऱ्या बाया’. खाली एकेकीचं पूर्ण नाव.