राबापासून चार सूत्रांपर्यंत

कोकणातील भातशेतीचा इतिहास हा एका अर्थी खताच्या शोधाचा इतिहास आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस भाताला जीवन देतो खरा. परंतु तोच पाऊस खाचरातील सत्त्व धुऊन समुद्राकडे नेतो. शेतात घातलेले खत पिकाच्या मुखी पडावे कसे, हा प्रश्न येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळीत आला.

त्याने शोधलेले पहिले उत्तर म्हणजे राब. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, ऐनाचे टहाळे, पालापाचोळा व गवत यांचे थर रचावयाचे, त्यावर माती पसरावयाची आणि तो ढीग जाळावयाचा. पाऊस लागताच तेथेच बी पेरावयाचे. हा टहाळ वरकस जमिनीतून आणि लगतच्या रानातून येई. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानावरचे निर्बंध कडक झाले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष उसळला. मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनचौकशी आयोग नेमावा लागला, आणि त्याच्यापुढील एक मुख्य प्रश्न राबाचा होता. सरकारी अंमलदारांना जी लाकडाची नासाडी वाटे, ती शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाच्या भाकरीची तरतूद होती.

या वादात शास्त्राची भर पडली ती पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. हॅरल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनी राबपद्धतीचा अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. राबाचे फळ केवळ राखेत नसते. आचेने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि तिच्यात अडकून पडलेले नत्र रोपांना सुलभ होते. अर्थात अडाणी म्हणून हिणवलेल्या रूढीमागे अनुभवाचे पक्के गणित होते. मात्र त्या गणिताची किंमत होती उघडे पडत जाणारे डोंगर आणि जळून जाणारे सेंद्रिय द्रव्य.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५१ मध्ये सिंद्रीच्या कारखान्यातून अमोनियम सल्फेट बाहेर पडू लागले. त्याच सुमारास बोरिवलीच्या कोरा केंद्रात भातलागवडीच्या जपानी पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून देशभर तिचा प्रचार सुरू झाला. ओळीतील लावणी व कोळपणी यांचा गाजावाजा अधिक झाला. परंतु तिचे मर्म खताच्या जोडीत होते. कंपोस्ट आणि अमोनियम सल्फेट ही दोन्ही हातात हात घालून शेतात उतरत. पुढे १९६५ मध्ये तुर्भ्याचा खतकारखाना सुरू झाला, खतास प्रतिसाद देणाऱ्या बुटक्या जाती आल्या आणि युरियाची गोणी बांधावर पोहोचली. तेव्हा मात्र जोडीतील एक सोबती मागे पडला.

भाताच्या खाचरात युरिया नुसता फेकून भागत नाही. साचलेल्या पाण्यात त्याचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो. चिखलाच्या वरच्या पातळ, प्राणवायुयुक्त थरात अमोनियाचे नायट्रेट बनते. ते खालच्या निर्वात थरात उतरले की जिवाणू त्याचा वायू करून सोडतात. उरलेले पाणलोटाबरोबर वाहून जाते. हा दोन थरांचा उलगडा जपानमध्ये शिओइरी या संशोधकाने केला आणि नत्र खोलवर द्यावे, असा त्यातून बोध निघाला. दिल्लीच्या पूसा येथील संशोधकांनी १९७० च्या सुमारास दुसरी वाट चोखाळली. निंबोळीच्या पेंडीने त्यांनी युरियाचा वेग आवरला.

या साऱ्या धाग्यांची गुंफण डॉ. नारायण सावंत यांनी केली. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या या मृदाशास्त्रज्ञाची चारसूत्री भातलागवड १९९० च्या दशकात महाराष्ट्रात रुजली. पहिले सूत्र, तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा शेतात परत देणे. राखेतील सिलिकाने रोप कणखर होते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. चिखलणीपूर्वी सुमारे आठवडाभर, हेक्टरी ३ टन या मानाने हिरव्या फांद्या शेतात पसरावयाच्या. पाने गळली की काटक्या चुलीला. तिसरे सूत्र, १५ व २५ सेंटिमीटरचे आळीपाळीने अंतर राखून लावणी. चौथे, चार चुडांच्या प्रत्येक चौकोनात युरिया व डायअमोनियम फॉस्फेटची २.७ ग्रॅमची एक गोळी लावणीच्याच दिवशी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणे. एका आरास अशा ६२५ गोळ्या पुरतात.

येथे राबाची राख आहे, पण रान जाळलेले नाही. टहाळ आहे, पण तो बांधावरचा आहे. पाला जमिनीचा पोत राखतो आणि गोळी पिकाची तातडीची भूक भागविते. कच्चा पेंढा कुजताना जिवाणू मातीतील नत्र काही काळ स्वतःच ओढून घेतात. ती उणीव हिरवा पाला व गोळी मिळून भरून काढतात.

तरीही अडचण सरलेली नाही. वाकून गोळी खोचणारे हात हवेत, आणि लावणीच्या ऐन हंगामात ते मिळणे दुर्घट झाले आहे. गिरिपुष्पाचा बांध उभा राहण्यास काही वर्षे लागतात. युरियाची गोणी मात्र दुकानात तयार असते. ज्या शेतकऱ्याने एके काळी टहाळासाठी सरकारशी झगडा केला, त्याच्याच वंशजापुढे आज आपल्या बांधावर टहाळ वाढविण्याचा प्रश्न उभा आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो केवळ धीर.