जाणत्याच्या हातातले कोलीत

आग म्हटली की आपल्याला वणवा आठवतो आणि वणवा म्हणजे फक्त नुकसान, असे आपण धरून चालतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो, म्हणून तो इथे मांडतो आहे.

तिथे पाऊस साधारण एप्रिलमध्ये संपतो आणि उंच वाढलेले गवत वाळू लागते. मूळ रहिवासी हजारो वर्षे याच सुमाराला त्याला आग लावत आले. गवत अजून अर्धे ओले असते. त्यामुळे आग जमिनीलगत सरकते आणि रात्री दव पडले की बहुधा विझते. काही पट्टे जळतात, काही उरतात. उरलेल्यांत लहान प्राण्यांना आसरा मिळतो. जळालेले पट्टे पुढचा वणवा अडवतात. 1845 मध्ये या मुलखातून गेलेल्या लुडविग लाइकहार्टने रहिवाशांच्या अशा आगींची नोंद केली आहे. 1969 मध्ये पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी या पद्धतीला जे नाव दिले, त्याला मराठीत 'कोलिताची शेती' म्हणता येईल. आपल्या म्हणीतले कोलीत माकडाच्या हाती असते, इथे ते जाणत्याच्या हाती होते.

विसाव्या शतकात हे हातच जमिनीपासून दूर गेले. लोक मिशन, खाणी आणि गावांकडे वळले, पठार ओस पडले. मग ऑगस्टनंतरच्या कडक उन्हात, वाळून कोळ झालेल्या गवतात मोठे वणवे पेटू लागले. जुनी झाडे गेली, प्राण्यांचा आसरा गेला. अशा वणव्यांत जास्त गवत-लाकूड जळते, म्हणून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही जास्त बाहेर पडतात.

चित्रकार बार्डायाल 'लॉफ्टी' नाजामेरेक यांच्यासारखी जुनी मंडळी पठारावर परतली. त्यांचे ज्ञान आणि शास्त्रज्ञांची मोजमापे एकत्र आली. 2006 मध्ये सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर प्रकल्प सुरू झाला. वर्षाला 1 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन कमी करायचे आणि त्याबदल्यात डार्विनच्या गॅस प्रकल्पाने सुमारे 10 लाख डॉलर द्यायचे, असा 17 वर्षांचा करार होता. हेलिकॉप्टरमधूनही आग लावली जाऊ लागली, पण कुठे आणि कधी, हे ठरवायला जमीन ओळखणारी माणसेच लागतात.

या व्यवहारातली खोच माझ्या नजरेआड होत नाही. इथे वाचलेला धूर गॅसवाल्यांच्या धुराच्या हिशेबात वळता होत असे. तरी त्या पैशातून वनरक्षकांना पगार मिळाला आणि कुटुंबांना आपल्या भूमीवर राहता आले, हेही खरे.

लॉफ्टी 2009 मध्ये गेले. त्यांच्या मागे तरुण वनरक्षक दरवर्षी पाऊस संपला की गवत पारखतात, वारा पाहतात आणि मगच काडी ओढतात. माणसे जमिनीवर राहिली, तरच असे ज्ञान टिकते. माणसे हलवली की फक्त वणवा उरतो.